'गोइंग' आठवीला

आठवीपासून इंग्रजी सक्तीचं झालं, तेव्हापासून जी मुलं घरातून निघताना 'येते', 'येतो' म्हणायचं सोडून 'गोइंग' म्हणतात, त्यांना परत घरात शिरता येत नाही.

वनिताची प्रांजल तशीच निघाली. शिकलेलं घरी बोलायचं, असं मॅडमनी सांगितलंच होतं. उंबऱ्यावरून "आई, गोइंग" म्हणाली आणि गेली. वनिता भाकरी थापत होती. तिला वाटलं, चांगलंच काहीतरी म्हणाली असेल. संध्याकाळी प्रांजल दाराशी आली, चपला काढल्या, पाय उचलला आणि काहीतरी विसरल्यासारखी वळून पायऱ्या उतरली. पुन्हा आली, पुन्हा तसंच. मग ओट्यावर बसून म्हणाली, "जेवायला इथंच दे."

वनितानं बाहेर बाज टाकली. शेजारणींना वाटलं पोरगी बाहेरची झालीय, म्हणून चार दिवस कुणी काही विचारलं नाही. मग विचारायला लागल्या. नवरा ट्रकवर होता, पण तो 'येतो' म्हणून निघालेला, त्यामुळं त्याची काळजी नव्हती. काळजी पोरीची होती. थंडी तोंडावर आलेली. ताप आला तर? उद्या बघायला पाहुणे आले तर त्यांनाही ओट्यावरच बसवायचं?

ती मुख्याध्यापक धुमाळ सरांकडं गेली. भांडायला नाही, प्रांजलचं इंग्रजी तेवढं सोडवता येतं का, एवढंच विचारायला. सरांनी तिला खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं.

"बाई, 'येते'मध्ये परत यायची तरतूद आहे, 'गोइंग'मध्ये नाही. आम्ही वर विचारलं. वरही नाही."

"मग शिकवता कशाला?"

"पुढं 'कमिंग बॅक' आहे ना. ते नववीला आहे." सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "विषय सक्तीचा आहे तो त्यासाठीच. मधेच सोडलं की मूल मधेच राहतं."

त्यांनी शिंप्याच्या मुलाचं उदाहरण दिलं. बापानं आठवीतच त्याचं इंग्रजी सोडवलं. आता त्याचं लग्न झालंय. तो ओट्यावर असतो, बायको आत. भांडणं नाहीत, पण त्याला घराचा नवा रंग अजून बघायला मिळालेला नाही.

प्रांजल पहिल्याच चाचणीत इंग्रजीत नापास झालेली. आठवीतच अडकली तर नववी कुठली? घरी अभ्यास कोण घेतं, असं सरांनी विचारलं. वनिताची स्वतःची शाळा सातवीलाच सुटली होती. इंग्रजी पुढं राहिलं आणि ती अलीकडं. शेवटी तिनंच विचारलं, पोरीशेजारी मी बसले तर चालेल का. सर म्हणाले, बाकावर जागा आहे, पण शिकलं की तोंडात तेच येतं. तुमचं तुम्ही बघा.

घरी येऊन तिनं शेगडी, पिठाचा डबा, तवा एकेक करून ओट्यावर आणून ठेवलं. सासूबाई आतून बघत होत्या.

"एक बाहेर होती ती कमी होती का गं?"

"आत बसून मी तिला काय शिकवू, आत्या?"

थोड्या वेळानं सासूबाईंनी पोळपाट आणून दिला.

पहिल्या दिवशी वनिता 'येते' म्हणून गेली आणि नीट घरात आली. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं मनात 'येते'च धरलं होतं, पण तोंडातून 'गोइंग' आलं. उच्चार बरोबर आहे, असं प्रांजल म्हणाली. संध्याकाळी वनिता दाराशी आली, पाय उचलला, काहीतरी विसरल्यासारखं वाटलं आणि ती वळली. प्रांजलनं बाजेवर सरकून तिला जागा दिली. दोघींनी पुस्तक मांडीवर घेतलं.

जेवणं झाल्यावर सासूबाई दारात आल्या. कडी मी आतून लावू की तुम्ही बाहेरून लावता, असं विचारू लागल्या. वनितानं प्रांजलकडं बघितलं.

"याला इंग्रजीत काय म्हणतात गं?"

"अजून शिकवलं नाही."

मग सासूबाईंनी दार नुसतं लोटून ठेवलं.