बाटली जेवणाआधी

न्यूमोनियातून उठलेल्या माणसाने घरी कधी जावे, हे त्या इस्पितळात वजनकाटा ठरवीत असे. ताप गेला, छाती साफ झाली, खोकला उरला तो सवयीपुरता. तरीही आजारात गेलेले वजन थोडे परत आल्याशिवाय रुग्णाला सोडायचे नाही, असा नियम होता. नियम चांगलाच असणार. मी जन्मभर ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक चिकटवले. नियमांना नावे ठेवण्याइतकी माझी योग्यता नाही. मला फक्त घरी जायचे होते. तिथे माझी खुर्ची होती आणि तिच्या हातावर अर्धे वाचून पालथे ठेवलेले पुस्तक होते. पुस्तक पालथे ठेवू नये हे मला कळते. पण तेव्हा ताप चढला होता.

वजन वाढवण्यासाठी आहारतज्ज्ञ बाई आल्या. तरुण, हसऱ्या आणि घाईत. त्यांनी माझ्यापुढे पौष्टिक पेयाची बाटली ठेवली. पेयाचा रंग वॉर्डच्या भिंतीसारखा होता. चवही तशीच असावी. पण भिंत मी चाखलेली नसल्याने ठामपणे सांगवत नाही.

“काका, या एका बाटलीत अख्खं जेवण आहे. रोज प्रत्येक जेवणाआधी एक. शेवटच्या थेंबापर्यंत.”

“आधी?”

“आधी.”

मी ती संपवली. पोटात अख्खे जेवण गेल्यावर थोड्याच वेळात ताटातून दुसरे जेवण आले. सूपचे दोन चमचे कसेबसे गेले आणि ताट परत गेले. असे दोन-चार वेळा झाल्यावर माझ्याबद्दल ‘भूक मंदावली आहे’ असा निष्कर्ष निघाला. जो जेवत नाही त्याला पोषण जास्त लागते, हे उघडच आहे. बाटल्या दुप्पट झाल्या. आता ताट आले की माझ्या पोटातून त्याच्या स्वागताला काहीच हालत नसे.

शेजारच्या खाटेवर एक शिंपीकाका होते. त्यांना बाटली लावलेली नव्हती, म्हणून ते मिटक्या मारत जेवत. “ग्रंथपाल,” ते म्हणाले, “तुमचं भरलं ताट असं माघारी जाताना मला बघवत नाही हो. बोला की काहीतरी.”

मी बराच वेळ मनात वाक्य जुळवले आणि दुसऱ्या दिवशी बाईंना म्हणालो, “बाटली जेवणानंतर घेतली तर चालेल का? आपलं सहज विचारतो.”

त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिले. “काका, जेवणानंतर पोट भरलेलं असतं. मग बाटली जाणार कुठे?”

मुद्दा बिनतोड होता. मी माफी मागितली.

पुढे बाटलीची घट्ट आवृत्ती आली. ती चमच्याने खावी लागे. काटा खालीच जात राहिला. डॉक्टर फेरीला आले, काट्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहायला त्यांना वेळ नव्हता. “आठवडाअखेरपर्यंत फरक पडला नाही तर नाकातून नळी घालू,” ते म्हणाले. “नळीतून काय देणार?” मी विचारले. त्यांनी बाटलीकडे बोट दाखवले.

हे ऐकताना आमची ही खाटेच्या पायथ्याशी उभी होती. घर ते इस्पितळ धावपळ करून तिचा चेहरा इतका उतरला होता की सिस्टर दोनदा तिलाच रुग्ण समजून नाडी पाहायला आल्या होत्या. डॉक्टर गेल्यावर तिने पडदा ओढला.

“अहो, सरका जरा. द्या ती बाटली इकडे.”

“अगं, पण ती माझ्या नावावर आहे.”

“लग्नही आहे तुमच्या नावावर. निभावतंय कोण?” तिने बाटलीत चमचा बुडवून तोंडात घातला. “बरं लागतं की. तुमचीच जीभ मेलीय.”

त्या दिवशी ताट आले तेव्हा मला भूक लागलेली होती. मी सूप प्यालो, भात खाल्ला, उकडलेल्या भाज्यासुद्धा खाल्ल्या. ती बाटल्या संपवत राहिली, मी ताटे रिकामी करत राहिलो. आठवडाअखेर काटा वर गेला. तिच्याही गालांवर रंग आला.

डॉक्टरांनी मला सोडायचे ठरवले. पण त्याआधी सगळा वॉर्ड माझ्या खाटेभोवती गोळा केला. “याला म्हणतात पोषण,” ते म्हणाले. आहारतज्ज्ञ बाईंच्या डोळ्यांत पाणी होते. “काका, या सगळ्यांसाठी दोन शब्द बोला ना.”

मी हिच्याकडे पाहिले. खरे सांगितले तर नव्याने वजने, नव्याने बाटल्या. ही हळूच म्हणाली, “सांगून टाका काहीतरी. सामान बांधून झालंय.”

“जे काही झालं,” मी म्हणालो, “ते या बाटल्या रोज संपल्या म्हणून झालं.”

वाक्य खोटे नव्हते. टाळ्या पडल्या. शिंपीकाकांनी घास अर्ध्यावर ठेवला आणि म्हणाले, “सिस्टर, मलाही चालू करा बरं एक. जेवणाआधी घ्यायची ना?” मी तोंड उघडले, तोवर माझी चाकाची खुर्ची दाराबाहेर गेली होती.

माझी कीर्ती माझ्याआधी घरी पोचली. भेटायला येणारा प्रत्येकजण त्याच पेयाच्या पावडरीचा डबा घेऊन आला. इतकी गुणकारी वस्तू त्यांना स्वतःच्या घरी का नको होती, हे मी भिडेपोटी विचारले नाही. डबे पुस्तकांच्या कपाटात लावले. पुस्तके जमिनीवर आली. पालथे ठेवलेले ते पुस्तक अजून सापडलेले नाही.

तुम्हीही आला होतात. तुमचा डबा मला नीट आठवतो. त्याच्या झाकणावरच्या धुळीत दुसऱ्या एका डब्याच्या बुडाचा गोल स्वच्छ उमटला होता. तो मी उघडलेला नाही, पुसलेलासुद्धा नाही. तब्येतीला जपा. तुम्ही आजारी पडलात तर मी भेटायला येईनच, आणि रिकाम्या हाताने येण्याची आपल्याकडे पद्धत नाही.