ब्यॉन सरांचं केशदान

मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं रविवारी पहिल्यांदा भेटणार होती, म्हणून ब्यॉन ग्वांग-सू सरांना गुरुवारी केस काळे करून यायचा हुकूम झाला. शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवला, सोल्मे उपनगरात आठव्या मजल्यावर घर झालं. बाकी मिरवावं असं सरांकडे फारसं नव्हतं. पण पासष्टीतही डोक्यावर दाट केस होते. "व्याह्यांसमोर निदान तेवढं तरी नीट दिसू द्या," असं बायकोनं, ओक-जानं, निघताना बजावलं होतं.

सलूनच्या वाटेवर नगरपालिका लागते. तिथं त्या दिवशी सभा होती. मेट्रो सोल्मेपर्यंत आणायची की शेजारच्या गाल्चॉनला न्यायची, हा वाद गेली अकरा वर्षं चालला होता आणि दोन्हीकडच्या इमारतींवर एकमेकांना शिव्या द्यायच्या तेवढ्या बाकी ठेवून सगळं लिहून झालं होतं. सोसायटीतल्या लोकांनी सरांना हाक मारून मागच्या खुर्चीत बसवलं. मागून डुकराच्या मटणाच्या रश्शाचा वास येत होता. तेवढ्यात मेट्रो कृती समितीच्या चिटणीस यांग बाई एक कागद घेऊन आल्या. सर चष्मा घरी विसरले होते. जेवणाऱ्यांची यादी असणार, असं धरून त्यांनी सही ठोकली.

"सर, नक्की ना? मग माघार घेता येणार नाही," यांग बाई म्हणाल्या.

"माघार कसली? चार लोकांबरोबर मीही."

यांग बाईंचे डोळे भरून आले. रश्शातली मिरची झोंबली असेल, असं सरांना वाटलं.

दहा मिनिटांनी व्यासपीठावरून नावं पुकारली गेली. मेट्रोच्या मागणीसाठी निषेध म्हणून सगळ्यांसमोर मुंडन करून घेणारे पाच जण. पाचवं नाव पुकारताना नगरसेवकाचा आवाज कापला, कारण तो सरांच्या हाताखालून गेलेला होता. आपण चुकून सही केली, हे सांगायला सर उठले आणि लोकांना वाटलं, ते वर यायला निघाले. टाळ्यांनी त्यांना अलगद खुर्चीपर्यंत नेऊन पोचवलं.

मशीन घेऊन मागे उभा होता तो त्यांचाच न्हावी, कू. त्यानं आज सलून बंद ठेवलं होतं.

"कू, जरा वरवर घे. रविवारी व्याही यायचेत," सर पुटपुटले.

"सर, समोर कॅमेरे आहेत. अर्धं ठेवलं तर गाल्चॉनवाले म्हणतील, यांची मागणीही अर्धीच आहे."

पहिली बट मांडीवर पडली. पुढच्या रांगेत चाळिशीतले माजी विद्यार्थी रडत होते. सरांना एकदम आपली मुलगी दा-ऊन आठवली. सहा वर्षं ती शहरातल्या ऑफिसला जायला पहाटे पावणेसहाला घर सोडत होती, दोन बस बदलत होती, उभ्याउभ्या झोपत होती. त्यांनी मान थोडी पुढे झुकवली आणि कूला म्हणाले, "घे सगळं."

ते घरी पोचायच्या आत फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पोचला होता. ओक-जानं दार उघडलं. "तुम्हाला काळे करायला पाठवलं होतं," एवढंच ती म्हणाली आणि तिनं जेवायला वाढलं.

केसांचा टोप लावून पाहिला, तर सर कुणातरी भलत्याच माणसासारखे दिसू लागले. शेवटी टोपी ठरली. सर्दीमुळे डॉक्टरांनी डोकं झाकायला सांगितलंय, हे कारणही ठरलं.

रविवारी हॉटेलच्या खोलीत शिरताच सरांना हायसं वाटलं. होणारे व्याही, प्यो साहेब, हेही टोपी घालून आले होते. त्यांनाही सर्दी होती. त्यांच्या पत्नीनं न विचारताच सांगितलं. दोघे एकमेकांपुढे वाकले, टोपी हातानं धरून. बसायची जमीन खालून तापवलेली, मध्ये उकळता रस्सा. अर्ध्या तासात दोन्ही बापांच्या भुवयांवरून घाम ठिबकू लागला. प्यो साहेबांनी कपाळ पुसायला हात नेला आणि टोपी घरंगळून मुळ्याच्या लोणच्यात पडली. खाली चकचकीत डोकं.

सरांनी हळूच आपली टोपी काढून बाजूला ठेवली.

"मंगळवारी. गाल्चॉनच्या चौकात," प्यो साहेब म्हणाले.

"गुरुवारी. सोल्मे नगरपालिकेसमोर." सर थोडं थांबले. "मी जेवणाऱ्यांची यादी समजून सही केली होती."

प्यो साहेबांनी दाराकडे पाहिलं. "मी एका म्हाताऱ्या बाईंना जागा द्यायला उठलो होतो. तेवढ्यात कुणीतरी विचारलं होतं, कोण तयार आहे."

मग मात्र दोघांना कंठ फुटला. ताटल्यांचाच नकाशा झाला: मुळा म्हणजे सोल्मे, सुकट म्हणजे गाल्चॉन, आणि मधे चॉपस्टिकची मेट्रो. सर नदीची खोली सांगत होते, प्यो साहेब लोकसंख्या. चॉपस्टिक कधी इकडे वळत होती, कधी तिकडे. दा-ऊन आणि तिचा होणारा नवरा एकमेकांना कोपरानं ढोसत होते. शेवटी दा-ऊन म्हणाली, "बाबा, आम्ही शहरातच घर घेतलंय भाड्यानं. ऑफिस आठ मिनिटं चालत. आम्हाला मेट्रो नाही लागणार."



"आणि आम्ही तुमच्याकडे यायचं कसं?" प्यो साहेबांनी विचारलं.

"दोन बस बदलून," मुलगा म्हणाला.

सरांनी थोडा विचार केला आणि चॉपस्टिक वाकडी धरून मुळ्याजवळून सुकटीपर्यंत आणि तिथून पुढे शहराकडे नेली. "वळसा पडेल."

"बारा मिनिटांचा," प्यो साहेबांनी मान डोलावली. "नातवंडांना बघायला जायचं तर बारा मिनिटांचं काय?"

दोघांनी यांग बाईंना आणि गाल्चॉनच्या समितीला काय काय पटवायचं ते ठरवायला घेतलं. पलीकडे दोघी विहिणींनी तोवर लग्नाची तारीख काढलीसुद्धा होती. नोव्हेंबरातली. तोवर फोटोपुरते केस येतात, असं दोघींचं मत पडलं.