नापासांचे पेढे

निकालाच्या दिवशी नापास झालेल्याला कंदी पेढा भरवणारा माणूस तुम्ही पाहिलाय? साताऱ्यात आमच्या वसतिगृहात आहे. संपत, मूळचा विट्याचा. निकाल लागला की इस्त्रीचा शर्ट घालून, पुडा घेऊन खोल्या फिरतो. पास झालेल्याला पेढा नाही. "तुला गाव दील की," म्हणतो.

एकदा चुकून त्यानं पहिल्या आलेल्याच्या हातावर पेढा ठेवला. संध्याकाळी त्या पोराला फलटणहून मामाचा फोन, खचू नकोस म्हणून.

आमच्या कॉलेजनं तणावमुक्तीवर व्याख्यान ठेवलं, पाहुण्याला शाल दिली. समुपदेशकाच्या खोलीत मात्र मोडकी बाकडी रचलीत. आम्ही जळजळीत पत्रक काढलं. संपतनं ते वाचलं, "लय भारी" म्हणाला आणि त्यातच पेढे बांधले. मी भडकलो होतो. पण आज छातीठोकपणे सांगतो, कॉलेजला जमलं नाही ते या गड्यानं केलं.

यंदा मेढ्याचा विकास तीन विषयांत बुडाला. वडील फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. पोरानं पेढा घेतला नाही, जेवला नाही. घरी तोंड दाखवणार नाही, कॉलेज सोडून पुण्यात मिळेल ते काम धरतो, म्हणाला. संपतनं त्याची बॅग आपल्या खांद्याला अडकवली आणि त्याला आणि मला मेढ्याच्या एसटीत कोंबलं.

दारात हवालदारकाका उभे. विकास आमच्या पाठीमागं. संपत पुढं झाला.

"आवं काका, पोरगं नापास झालंय. पळून चाललं हुतं, तुमच्याकडं आणलंय. काय बोलायचं ते बोला, आमी बसतो हितं."

आणि खरंच त्यानं ओट्यावर मांडी घातली.

काकांनी सगळी आळी ऐकेल असा आवाज लावला. पळून जायच्या गोष्टीवर आले तेव्हा तो जास्तच चढला, मग मध्येच बसला. थोड्या वेळानं त्यांनी आत सांगितलं, पोरांची ताटं वाढा. विकास जेवला. राहिलेले विषय पुन्हा द्यायचे, कॉलेज सोडायचं नाही, हे ताटावरच ठरलं.

परतीच्या एसटीत मी संपतची पाठ थोपटली, पुढच्या पत्रकात तुझं नाव छापतो म्हणालो.

"बारावीला मी नापास झालो," तो म्हणाला. "आई-दादा तिकडं कोइमतूरला, सोनं गाळायच्या दुकानावर. शिव्या द्यायला बी घरात कोन नव्हतं रं."