लाल टिकलीवाले आपटे

२०२३ साली, मी एकाहत्तर वर्षांचा असताना, आपट्यांनी माझ्या पितळी चकत्यांच्या टोपलीला लाल टिकली लावली.

टिकली म्हणजे बायका कपाळाला लावतात तीच. हा माणूस जे जे नापास करतो त्याला लाल टिकली लावतो. आमच्या नोएडाच्या सोसायटीत फिरून बघा. लिफ्टच्या बटणाला टिकली. गेटच्या बिजागरीला टिकली. भाजीवाल्याच्या गाडीवर एकदा किडका दुधी दिसला, त्यालाही टिकली. "बाबूजी ने लौकी की शादी करा दी," असं तो भाजीवाला आजही सगळ्यांना सांगतो.

माझं शिक्षण चौथी. फौजेच्या वर्कशॉपात लेथ शिकलो, सुटल्यावर इथे नळाच्या कारखान्यात लागलो. आपटे तिथले क्वालिटीचे साहेब. मी नळ करायचा आणि त्यांनी तो परत पाठवायचा, असा आमचा संसार. रिटायर झालो, सुटलो म्हटलं, तर घरं समोरासमोर! दार उघडलं की आपटे.

"जाधव, तपासून माल चांगला होत नसतो. चांगला करावा लागतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

"मग तपासता कशाला?" मी एकदा विचारलं.

"तुम्ही करत नाही म्हणून."

घ्या! माझ्या हातचे नळ अजून लोकांच्या घरात गळत नाहीत, आणि हे ऐकून घ्यायचं!

त्यांचा दुसरा रोग म्हणजे 'का'. काही बिघडलं की हे लागोपाठ पाच वेळा 'का' विचारणार. वरवरचं कारण सांगून माणूस सुटू बघतो, खरं कारण पाचव्या 'का'ला सापडतं म्हणे. एकदा दूधवाल्याला उशीर झाला. पहिल्या 'का'ला मोटारसायकल पंक्चर, दुसऱ्याला खिळा, तिसऱ्याला रस्त्याचं काम, चौथ्याला ठेकेदार, आणि पाचव्याला तो सरकारपर्यंत पोचला. "तो बाबूजी, दूध भी सरकार से मंगवा लो," म्हणाला आणि गेला तो गेलाच. तेव्हापासून आपट्यांकडे पिशवीचं दूध.

तर त्या चकत्या. इथे बाजारात सोऱ्या मिळतो, पण त्याची चकती पत्र्याची. चकलीला काटा म्हणून येत नाही. म्हणून दिल्लीत आर. के. पुरमला असलेल्या आमच्या मराठी मंडळानं दिवाळीच्या स्टॉलसाठी माझ्याकडून पितळी चकत्या करून मागितल्या. सेक्टरातल्या सरदारजींच्या दुकानात लेथ आहे. तिथे बसून पितळ कातलं, पीठ बाहेर पडायची चांदणी कानशीनं घासली. कुठे पितळेचं कुसळ ठेवलं नाही. मंडळाच्या कुलकर्णीबाई बघून म्हणाल्या, "जाधवकाका, बिल्कुल फर्स्ट क्लास! फक्त एकदा आपटेकाकांना दाखवून आणा ना. त्यांनी पास केलं की चलो, स्टॉलवर लावून टाकू."

माझं काम, माझं पितळ, आणि पास करणार आपटे! स्टॉल रविवारी होता. टोपली उचलली आणि तणतणत त्यांच्या दारात गेलो.

आपट्यांनी चष्मा पुसला, चकती उजेडात धरली, बोट फिरवलं.

"पहिला नग पास झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. किती वर्षं सांगतोय? तुम्ही सगळ्या करून मोकळे. एकीत खोट निघाली तर सगळ्यांत निघणार."

"मग दाखवा ना खोट!"

"चकती बघून कशी दिसेल? चकली बघून दिसेल. उद्या दुपारी या. मी भाजणी आणतो." आणि टोपलीच्या कडेला टिकली.

रात्रभर धुमसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो, तर साहेब कमरेला पंचा गुंडाळून पीठ मळत होते. सोऱ्या भरला, दाबला. चकली वळायच्या आतच तुटली. पुन्हा दाबली, पुन्हा तुटली.

"तुटली," आपटे म्हणाले. जज्जानं शिक्षा सुनावावी तसं.

माझं टाळकं सरकलं. "थांबा! आज मी विचारणार. का तुटली?"

"पीठ सैल आहे."

"का?"

"पाणी जास्त पडलं."

"का?"

"अंदाज नव्हता मला."

"का नव्हता? जन्मभर दुसऱ्यांच्या कामाची मापं काढलीत, आणि पाण्याचं माप येत नाही?"

"ते सुमन बघायची."

सुमनवहिनींना जाऊन दोन वर्षं झाली होती. पाचवा 'का' माझ्या ओठांवर होता, तो गिळला.

"विचारा की," आपटे म्हणाले. "अर्धवट सोडायचं नाही."

"ठीक. का नाही शिकून घेतलंत?"

त्यांनी पिठाचे हात पंच्याला पुसले. "दर दिवाळीला पहिल्या घाण्यातली चकली ती मला दाखवायला आणायची. मी नापास करायचो. ती भांडायची, दुसरी आणायची. तीही नापास. पास म्हटलं की ती आत निघून जायची हो. मग शिकायचं कशाला?"

मी पिठात आणखी भाजणी घातली, मळलं, सोऱ्या दाबला. चकली सरसर उतरली, काटे कसे ताठ. तळून एक त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मोडून बघितली, खाल्ली. मग टोपलीवरची टिकली नखानं अलगद सोडवली आणि टिकल्यांच्या पाकिटावर परत जागच्या जागी चिकटवली. पाकीट जुनं होतं, अर्धं संपलेलं. वहिनींच्या कपाळाला हीच टिकली असायची.

"घेऊन जा, जाधव. पास."

मी टोपली उचलली. आपटे दारापर्यंत आले.

"आमचा मुलगाही असाच. लहानपणापासून कुठे खोट म्हणून नाही. गेला टोरांटोला. पास झालेला माल गेटबाहेर जातो. नापास तेवढा परत येतो."

'पास' ह्या एका शब्दासाठी मी कारखान्यात जन्म काढला. तो मिळाला, तर पेढे वाटायचे सोडून मला भयंकर राग आला. मेट्रोनं आर. के. पुरमला जाऊन टोपली कुलकर्णीबाईंच्या पुढ्यात आदळली. "पास केलं ना आपटेकाकांनी?" त्यांनी विचारलं. "केलं," म्हणालो आणि चहा न घेता परत फिरलो. पास करायला काय झालं होतं त्या माणसाला? जन्मभर नाही केलं, आणि आत्ताच सुचलं?

दुसऱ्या दिवशी सकाळी सरदारजींनी शटर वर केलं तेव्हा मी बाहेर उभाच होतो. नवी चकती कातली, चांदणी घासली, आणि एका काट्याला कुसळ तसंच ठेवलं. हात ऐकत नव्हता, तरी ठेवलं. सरदारजी म्हणाले, "जाधव साब, ये तो रह गया." म्हटलं, "रहने दो यार." चकती रुमालात गुंडाळली, घरी न जाता सरळ आपट्यांची बेल वाजवली आणि दार उघडायच्या आतच आवाज चढवला, "या बाहेर! दाखवा, काय खोट आहे ती!"