केरबा सांबराचे तीन रायडर

एका जंगलात, मुलांनो, केरबा नावाचा सांबर राहत होता. त्याला हौसा नावाची बायको होती, दोन पाडसं होती आणि एक आयुर्विम्याची पॉलिसी होती. यातली पॉलिसी तेवढी त्याला काही बोलत नसे.

पॉलिसी साधी होती. केरबाला वाघानं खाल्लं, तर तळ्याकाठचं कुरण जन्मभर हौसाचं आणि पाडसांचं. केरबा अजून खाल्ला गेला नव्हता, कारण त्याच्यासारखं पळणारं जंगलात दुसरं कोणी नव्हतं. सहा वर्षं वाघ त्याच्यामागे होता, आणि मागेच होता.

एका सकाळी विम्याचा एजंट नारबा बगळा आला. त्यानं पाडसांची चौकशी केली, थोरल्याच्या शिंगांचं कौतुक केलं. मग मान वाकडी करून म्हणाला, "केरबाभाऊ, पॉलिसी अगदीच उघडी दिसते. एकही रायडर नाही."

"म्हणजे काय, साहेब?"

खरं म्हणजे रायडर म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण, पण नारबालाही ते ठाऊक नव्हतं. कचेरीनं त्याला शब्द दिला होता, अर्थ दिला नव्हता. पण त्याचे वाडवडील पिढ्यानपिढ्या म्हशींच्या पाठीवर बसत आलेले. त्यानं घरचाच अर्थ लावला.

"रायडर म्हणजे स्वार. तो पाठीवर बसला की तुम्ही निर्धास्त."

इतकी वर्षं दुकानात बसून मी एक शिकलोय, मुलांनो. मालाचं नाव कळलं नाही की गिऱ्हाईक भाव करत नाही, मान डोलावतं. केरबानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी अपघाताचा रायडर आला. ते एक वानर होतं. ते पाठीवर बसलं आणि वाटेत दगड दिसला की "दगड!" म्हणून ओरडू लागलं. इतकं जोरात, की केरबा दचकून नेमका त्याच दगडावर आपटे. चार दिवसांत तो लंगडू लागला.

नारबा भेटायला आला. त्यानं चाल पाहिली आणि हळहळला. लंगडणाऱ्याला बसून राहावं लागतं, बसून राहणाऱ्याला आजार होतात, असं त्यानं समजावून सांगितलं. म्हणून गंभीर आजाराचा रायडर आला. ते अस्वल होतं. अस्वल बसल्यावर केरबाला धाप लागली. अस्वलानं पाठीला कान लावून ऐकलं आणि आजार आहे खरा, पण यादीतला नाही, असं कळवलं.

आता केरबाला चरायलाही जमेना. विम्याचा हप्ता गवताच्या भाऱ्यात द्यायचा असे, तो कुठून द्यायचा? त्यावरही नारबाजवळ तोड होती. हप्तामाफीचा रायडर म्हणून एक कासव आलं. त्याला पाठीवर चढायलाच तीन दिवस लागले.

हौसा बघत होती. शेवटी ती म्हणाली, "अहो, विमा उतरवतात असं ऐकलं होतं. तुमचा तर चढतोच आहे."

तिनं नारबाला गाठून तिघांना खाली काढायला सांगितलं. नारबा म्हणाला की वहिनींचं बरोबर आहे, पण रायडर पॉलिसीच्या वाढदिवशीच उतरतात, आणि तो गेल्याच आठवड्यात होऊन गेला.

त्याच दुपारी वाघ आला.

केरबा पळाला. म्हणजे दोन पावलं टाकली. वाघानं झेप घेतली. सांबराच्या पाठीवर झेप घ्यायची असते हे त्याला आईनं शिकवलं होतं, पण पाठीवर जागा नव्हती. तो अस्वलाच्या मांडीवर पडला.

वानरानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "तुम्ही कोणते रायडर?"

"मी वाघ आहे."

"ते दिसतंय. पण अर्ज भरलाय का?"

वाघ गोंधळला. सहा वर्षं हुकलेलं सांबर पायाखाली होतं, आणि एका कागदासाठी ते पुन्हा हातचं जाऊ द्यायची त्याची तयारी नव्हती. नारबानं लगेच पंखाखालून अर्ज काढला. चढलेल्या जागी बसून अर्ज भरता येत नाही, म्हणून वाघ खाली उतरला. अर्जावर तीन साक्षीदार लागतात, म्हणून वानर उतरलं, अस्वल उतरलं. कासवाला सगळ्यांनी मिळून उतरवलं.

हौसा केरबाच्या कानाशी आली आणि हळूच म्हणाली, "अहो, पाठ रिकामी आहे."

केरबा लंगडत का होईना, पण असा पळाला की पाडसांनाही त्याला गाठता येईना. संध्याकाळी डोंगरापलीकडे सगळं कुटुंब एकत्र चरत होतं.

इकडे वाघ अर्ज भरत होता. व्यवसायाच्या रकान्यात त्यानं पटकन लिहिलं. वारसदाराच्या रकान्याशी मात्र अडला. त्याला कोणीच नव्हतं. जंगलात ज्याची त्यानं इतकी वर्षं मनापासून वाट पाहिली, असा एकच जण होता. त्यानं लिहिलं, केरबा सांबर.

"नातं?" नारबानं विचारलं.

वाघानं बराच विचार केला. मग म्हणाला, "लिहितो. आमचे खाण्यापिण्याचे संबंध आहेत."

तात्पर्य: मोकळ्या पाठीनं पळतो, त्याला लोक भित्रा म्हणतात. आधी तिघांना पाठीवर घेऊन, मग त्यांना उतरवून पळतो, त्याला विमा संरक्षण मिळालं असं म्हणतात. म्हणून रायडर अवश्य घ्यावेत. फक्त आपला वाघ लिहिता-वाचता येणारा आहे ना, याची आधी खात्री करून घ्यावी.