शोकसभेत अमेरिका

सासऱ्यांच्या शोकसभेत सलिलवर एकच काम सोपवलेलं होतं, आणि ते त्याच्या हातून बिघडू नये म्हणून त्याची बायको सुरुची त्याला सकाळपासून बजावत होती. भाषणं संपली की मोबाइलवरून बाबांच्या आवाजातला अभंग लावायचा. बस्स.

काम साधं होतं, पण सगळ्यांचा जीव त्यावरच टांगलेला होता. बाळ देवस्थळी गेल्यापासून त्यांच्या पत्नी सुनीतीबाई रडल्या नव्हत्या, बोलतही नव्हत्या. कुणी ताट पुढे केलं की चार घास खायच्या, कुणी झोप म्हटलं की आडव्या व्हायच्या. "त्यांना रडू द्या, नाहीतर आतून खचतील," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून सुरुचीने बाबांचं ते घरगुती रेकॉर्डिंग शोधून काढलं होतं. पूर्ण ऐकायचा मात्र तिलाही धीर झाला नव्हता.

वारज्यातल्या सोसायटीचा हॉल भरला होता. बाळरावांचे थोरले भाऊ तात्याराव समोर बसले होते. भाषणं संपल्यावर त्यांनी सुनीतीबाई सोडून सगळ्यांना उभं केलं, डोळे मिटायला सांगितले आणि सलिलकडे बघून मान हलवली. सलिलने बटण दाबलं.

स्पीकरमधून गिटार वाजली आणि पाठोपाठ एक अमेरिकन गडी नाकातून गाऊ लागला.

हे सलिलचंच गाणं. अमेरिकेतल्या साध्यासुध्या माणसांच्या रोजच्या जगण्यावरचा नवा अल्बम. ऑफिसला जाता-येता चांदणी चौकाच्या गर्दीत तो हाच ऐकायचा. सकाळी अर्ध्यावर सोडलेलं गाणं तिथूनच पुढे सुरू झालं होतं. त्याने स्क्रीनवर बोट फिरवलं, मोबाइल ढिम्म. स्पीकरची वायर उपटली. स्पीकर बॅटरीवर चालू राहिला. मग स्पीकरवरचं दिसेल ते बटण त्याने दाबलं, तर आवाज वाढला. आता टाळ्याही ऐकू यायला लागल्या.

"अरे, बंद कर ना!" सुरुची दातओठ खात म्हणाली.

"होत नाहीये!"

लोक हात जोडून उभेच होते. मागे एक बाई कुजबुजल्या, "चर्चमधलं वाटतंय. बाळराव त्यातले झाले होते का हो?"

"छे! दर गणपतीत आरतीला पुढे असायचे."

"हल्ली काही सांगता येत नाही."

कुजबुज तात्यारावांच्या कानापर्यंत पोचली, तेवढ्यात गाणं संपलं आणि मोबाइलनेही मान टाकली.

"जावईबापू, हे कुठलं स्तोत्र म्हणायचं?"

"स्तोत्र नाही, तात्या. अमेरिकन गाणं आहे. चुकून लागलं."

"अस्सं. विषय काय?"

सलिलला वेळेवर खोटं सुचलं नाही. "गाडी."

"वा! माझा भाऊ गेला, आणि आपण गाडीचं गाणं लावलंत."

सलिलला धरणी दुभंगावी असं झालं. इतक्यात पहिल्या रांगेतून घोगरा आवाज आला.

"काय म्हणतोय तो?"

सुनीतीबाई बोलल्या होत्या.

"काही विशेष नाही, आई..."

"विचारलंय तर सांग."

सलिल सांगू लागला. "तो म्हणतो, माझी गाडी जुनी झालीय. धक्का मारल्याशिवाय चालू होत नाही, पण विकवत नाही."

"पुढे?"

"बायको दारातून ओरडतेय, कुंपण रंगवायचं राहिलंय. तो म्हणतो, येत्या शनिवारी नक्की."

"येत नाही तो शनिवार," सुनीतीबाई म्हणाल्या. "आमच्या बाल्कनीची जाळी दिवाळीपासून फाटलेलीच आहे. मग?"

"मग... शेजाऱ्याने शिडी नेलीय, ती परत दिलेली नाही."

मागच्या रांगेत वरच्या मजल्यावरचा चेतन खाकरला. "काकू, ती शिडी आमच्याकडेच आहे. उद्या आणून देतो."

"राहू दे. आता चढणार कोण आहे?"

कुणीतरी हसायला सुरुवात केली होती, ते तिथेच थांबलं. सुनीतीबाईंचे डोळे कोरडेच होते. सुरुचीने घाईघाईने स्वतःचा मोबाइल स्पीकरला जोडला.

बाळरावांचा किंचित चिरका पण खणखणीत आवाज हॉलभर पसरला. दुसऱ्या कडव्याला ते अडखळले, खोकले आणि गाणं थांबवून म्हणाले, "अगं सुनीती, कुकरच्या शिट्ट्या झाल्या. बंद कर बघू."

सुनीतीबाई झटकन उठल्या. पदर सावरत लगबगीने दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यापाशी थबकल्या. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता.

त्या हळूच वळल्या. "बघितलंत भाऊजी?" त्या तात्यारावांना म्हणाल्या, "गेले, तरी स्वतः उठायचं नाव नाही."

आणि तिथेच दाराला धरून त्या हमसून हमसून रडायला लागल्या. सुरुची धावली. स्पीकरवर बाळराव पुढचं कडवं गात होते.