जोडीचा गुण तेवीस

आकाशीच्या पित्याचे कृपेने आणि मरिया माउलीच्या पदराआड, सन दोन हजार अठरा, ईस्टरचा सण उरकोन वार्षिक परीक्षेचे नगारे वाजू लागले, ते समयी केळीबागांच्या मुलखात एका विद्याराज्यावर सिस्टर आवेलिना हुकमत करीत होत्या. स्वभाव बहुत करडा, परंतु पोटी माया. त्यांनी नववीच्या फौजेस ऐसा कायदा घालून दिला होता की, हुशाराने कच्च्यास शिकवावे, दोघांची जोडी बांधावी, आणि भूमितीच्या चाळीस गुणांत दोघांपैकी ज्याचे कमी, तोच जोडीचा गुण. ज्या जोडीचा गुण वरचढ, तिला ढाल. आणि कमी गुण कोणाचा, हे जोडीबाहेर बोलू नये, म्हणजे दुबळ्याची झाकली मूठ राहील. त्या राज्यात जेसिंता तुस्कानो म्हणोन कन्या होती, तिने तीन वर्षे पहिला नंबर कोणास शिवू दिला नव्हता, आणि तिच्या जोडीस इनास रॉड्रिग्ज आला, जो सहामाहीस भूमितीत सपशेल आडवा जाहला होता. हा धोंडा गळ्यात बांधून मीही बुडणार, ऐसे तिने मनी धरिले. मग रोज शाळा सुटल्यावर तिच्या घरच्या ओट्यावर बैठक भरू लागली, आणि जेसिंता पुस्तकात बोट घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घाली आणि एकेक प्रमेय एकवीस वेळा घोकी, ऐसा तिचा नेम. इनास मात्र अंगणातल्या मातीत काटकीने त्रिकोण काढून बसे आणि विचारी,

"पण हे दोन कोन सारखेच का?"

"का-बी विचारायचं नाही. आहे तसं पाठ कर. गुण उत्तराला मिळतात, 'का'ला नाही."

तो तीच आकृती उलटी करून पुन्हा काढी, आणि जेसिंता कपाळाला हात लावी. इकडे इनासचे वडील बस्त्याव, केळीवाडीचे धनी, यांनी घरात निक्षून सांगितले होते की, "शहाण्या पोरीच्या जोडीला बसवलाय तुला. तिचं नाव बुडवलंस, तर दहावी विसर. वाडीत पाणी धरायला चल." हे जेसिंतास ठाऊक होते. परंतु तिला आपल्याच ढालीचा घोर.

मग भूमितीचा दिवस उजाडला, आणि पाहते तो काय, प्रश्नपत्रिकेत आकृत्या सगळ्या उलट्या मांडलेल्या आणि अक्षरेही निराळी! जेसिंताची पाचावर धारण बसली, आणि हात मात्र सवयीने पाठ केलेलेच लिहीत सुटला. शेजारच्या रांगेत इनासने पत्रिका जराशी फिरवून पाहिली आणि लिहू लागला.

तीस एप्रिल रोजी निकाल. सकाळी सिस्टरांनी एकेका जोडीस बोलावून पेपर दाखविले. इनास, सव्वीस. जेसिंता, तेवीस. तिने बेरीज तीनदा करून पाहिली. इनास खालच्या आवाजात एवढेच म्हणाला, "जोडीचं जोडीत."

मग सभागृह पालकांनी भरले आणि सिस्टरांनी यादी वाचली. ढाल एकतीसवाल्या जोडीस गेली, आणि मग, "तुस्कानो आणि रॉड्रिग्ज, तेवीस." सभेत कुजबूज उठली. जेसिंताच्या आईने लेकीच्या पाठीवर हात ठेविला आणि चार जणींना ऐकू जाईल ऐसे म्हणाली, "माझी पोर काय करणार? दुसऱ्याच्या पायी गेली ढाल." तो बस्त्याव उभे राहिले. मान खाली.

"सिस्टर, माफी करा. उद्यापासून पोरगा वाडीत. चल रे."

इनास उठला आणि बापामागे चालू लागला. जेसिंता मनी हिशेब करू लागली. गप्प बसले तर नाव शाबूत, आणि इनास तर मेला तरी सांगणार नाही. कायदा केला दुबळ्यास झाकावया, आणि त्याखाली आज ती लपली होती. तिला स्वतःची फार लाज वाटली. बस्त्यावांचा हात दाराच्या कडीस लागला, आणि जेसिंता उभी राहिली.

"सिस्टर, तेवीस माझे आहेत. इनासचे सव्वीस."

आईचा हात तिच्या पाठीवरून निसटला. सिस्टर म्हणाल्या, "जेसिंता, नियम काय आहे?"

"मोडला, सिस्टर."

सिस्टरांनी चष्मा काढून पुसला आणि मग म्हणाल्या, "बस्त्यावभाऊ, खाली बसा. मुलालाही बसवा." बस्त्याव लेकाकडे बघत राहिले, जणू आजच ओळख जाहली, आणि बसले.

ढाल गेली, पहिला नंबरही गेला. इनासचे नाव दहावीच्या पटावर चढले. आणि मे महिन्यात एके दुपारी जेसिंताने पुस्तक मिटून ओट्यावर ठेविले, अंगणात उतरून काटकी इनासच्या हाती दिली आणि समोर मातीत मांडी घालून बसली.

"सांग आता," ती म्हणाली. "ते दोन कोन सारखेच का?"

इतकी ही हकीगत, घडली तैसी लिहिली. चूकभूल माफ असावी.